फुलेवाडी नाका

एकतीस वर्षं मी फुलेवाडीच्या जकात नाक्यावर
ट्रकांच्या ताडपत्र्या वर करून बघितल्या.
आता रात्री साडेअकराला, हिची गोळी घेऊन झाली
की नातवाच्या खोलीत खुर्ची ओढतो
आणि निळं मीठ चोरून नेतो
एका सूर्यापासून दुसऱ्या सूर्यापर्यंत.

जहाजाचं नाव भोगावती.
शर्विल म्हणाला, आजोबा, काहीतरी डेंजर ठेवा की,
नदीचं नाव कोण ठेवतंय?
म्हटलं, तू तिला पुरात बघितली नाहीस.

निळं मीठ चाळीसला मिळतं.
पलीकडच्या तळावर त्याला बंदी,
म्हणून तिथं तीनशे दहा.
बंदी का, ते कुठंच लिहिलेलं नाही.
आमच्याही दरपत्रकात नसायचं
वेखंडाला एवढं आणि हळकुंडाला तेवढं का.
साहेब म्हणायचे, धोंडीराम, तू पावती फाड.

सरळ धंदाही करून बघितला पहिले पंधरा दिवस.
लोखंड, पाणी, धान्य.
खेपेला सव्वाशे सुटायचे, इंधन जाऊन हातात करवंटी.
मग एका रात्री बाराशे मोजून
इंजिनाच्या मागं चोरकप्पा बसवून घेतला.
चोरकप्पा कुठं असावा हे मला कोण शिकवणार?
स्टेपनीत, सीटखाली, डिझेलच्या टाकीला दुसरा तळ,
आणि एकदा, देवाशप्पथ,
डॅशबोर्डवरच्या गणपतीच्या पाठीत.

गस्तीचं जहाज आलं की पिवळी रेघ अंगावरून फिरते.
शर्विल अशा वेळी दिवे घालवतो, इंजिन गार पाडतो,
श्वाससुद्धा धरतो खुळा.
मी नुसता वेग कमी करतो
काच खाली घेतल्यासारखा.
पळतो त्यालाच थांबवतात.
हे मी ह्या हातानं केलंय.

झिलू परब कधी पळाला नाही.
वैभववाडीचा. घाट चढून पहाटे यायचा,
टपावर गगनबावड्याचं धुकं तसंच ओलं.
कागदावर नारळ.
स्वतःच खाली उतरायचा, तंबाखू पुढं करायचा,
थोरलीला ताप होता तो उतरला का विचारायचा.
आठ वर्षं मी नारळाची पावती फाडली.
नवव्या वर्षी नवे साहेब आले, नाक्यावरच बसले,
म्हणून एक पोतं उसवावं लागलं.
ट्यूबलाइटच्या उजेडात काजूगर सांडत राहिले,
सांडतच राहिले.
झिलू एवढंच म्हणाला,
"साहेबानू, आठ वर्सां तुमका वास येवक नाय?"

आला होता.
दिवाळीत आमच्या लाडवात एवढे काजू कुठून,
हे हिनं कधी विचारलं नव्हतं
आणि मी सांगितलं नव्हतं.
साहेबांपुढं मी म्हटलं, नाही सर, पहिल्यांदाच बघतोय.

त्याची गाडी सव्वा महिना नाक्यामागं उभी होती.
टायरमधली हवा गेली. मग गाडीच गेली.

परवा मला कोण जाणे काय झालं.
एक्केचाळीस लाख जमलेत, त्यांचं करायचं काय?
गस्तीचं जहाज दिसताच मी थांबलो
आणि चोरकप्पा आपण होऊन उघडला.
म्हटलं, बघ. हे मीठ.
रेघ फिरली. बावीसशे दंड कापला गेला.
पडद्यावर अक्षरं आली: सहकार्याबद्दल आभार, मार्गस्थ व्हा.
कुणी उतरलं नाही.
कुणी पोत्याला नाक लावलं नाही.
मी बराच वेळ तिथंच तरंगत बसलो.
लांबून एक हिरवा ग्रह वळत होता
आणि बाहेर रंकाळ्याकडून कुत्री भुंकत होती.

नाका केव्हाच बंद झाला. सकाळी गंगावेशीत दुधाला जातो,
कधी पाय आपोआप पुढं फुलेवाडीकडं वळतात.
शेडमध्ये आता कुणाच्या तरी मोटारसायकली लागतात.

आज तीन खेपा झाल्या. दोन वाजले.
चोरपावलांनी आत आलो, तर ही जागी.
"आज काय न्हेलंसा?"
नारळ, म्हटलं.
"बरं," म्हणाली, आणि कूस बदलली.